ऐपत की पायरी?

मुलुंडच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न, थोडा आखडून:

‘आमच्याकडे अकरा वर्षं पोळीभाजीला येणाऱ्या मावशींनी एस.वाय.बी.कॉम.ला असलेल्या मुलीसाठी ५९,००० रुपयांचा फोन घेतला. ५,००० रोख भरले, बाकीचे १८ हप्त्यांत, महिना ३,०००. मावशींची पाच घरं मिळून २१,००० होतात. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, हा निव्वळ चंगळवाद. एवढा फोन परवडतो, तर दिवाळीपासून पगार वाढवून कशाला हवा? मी तिला स्नॉब म्हणालो, म्हणजे स्वतःला वरची समजून दुसऱ्याला कमी लेखणारी. तीन दिवस घरात अबोला आहे. तिचं म्हणणं, मलाही बोलायचा अधिकार नाही, कारण गेल्या वर्षी मी गाडी घेतली. पगार १,४०,०००, गाडीचा हप्ता २५,०००. तुम्ही इतकी वर्षं लोकांच्या खरेदीचा अभ्यास करताय. चुकलं कोण?’

तुमच्या आईंनी दोन वाक्यं उच्चारली. एक, ‘हा चंगळवाद’. दुसरं, ‘मग पगार कशाला वाढवून हवा’. तुम्ही पहिल्यावर चिडलात. मी तिथे असते तर दुसऱ्यावर चिडले असते. का, ते सांगते, पण जरा लांबून यावं लागेल.

मी १९९६ पासून मार्केट रिसर्चमध्ये आहे. पहिली नऊ वर्षं दारोदार हिंडले. खांद्याला फॉर्मची पिशवी, हातात पुठ्ठ्याची शो-कार्डं, आणि ‘ताई, फक्त वीस मिनिटं लागतील’ हे धादांत खोटं वाक्य. भांडुपच्या टेकडीवरच्या खोल्यांपासून वाळकेश्वरच्या दिवाणखान्यांपर्यंत सगळीकडे तेच प्रश्न: घरात काय आहे, कधी घेतलं, कोणी ठरवलं, आणखी काय घ्यायचंय. आता मी टेबलाशी बसून प्रश्नावल्या करते. पण लोक वस्तूंबद्दल बोलताना नेमके कुठे अडखळतात, ते त्या नऊ वर्षांत ऐकलेलं अजून कानात आहे.

आधी हिशोब उरकू, कारण तुमच्या घरात सगळे हे भांडण हिशोबाचं आहे असं धरून चाललेत. २१,००० मधले ३,००० म्हणजे सातवा हिस्सा. तुमच्या १,४०,००० मधले २५,००० म्हणजे जवळपास साडेपाचवा. प्रमाणात पाहिलं तर मावशींपेक्षा तुम्ही जास्त वाकलात. शिवाय पेट्रोल, विमा आणि सोसायटीचं पार्किंग वेगळंच. त्यांचा फोन दिवसाचे अठरा तास हातात असणार. तुमची गाडी सोमवार ते शुक्रवार कव्हराखाली झोपत असणार, कारण तुम्ही लोकलने जाता. (जात नसाल तर ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर रोज तास-दीड तास बसून राहता, म्हणजे आणखी वाईट.) गाडी आली तेव्हा ‘ऋण काढून सण’ असं तुमच्या घरी कोणी म्हटल्याचं दिसत नाही. पेढे वाटले असतील, चाकाखाली लिंबू ठेवलं असेल.

पण हा हिशोब इथेच सोडला तर तुम्ही जिंकल्यासारखं वाटेल, आणि ते खरं नाही. टक्केवारी गरिबाच्या बाबतीत फसवते. तुमच्याकडे हप्ता जाऊन १,१५,००० उरतात. मावशींकडे १८,०००, त्यातून खोलीचं भाडं, गॅस, मुलीची फी, गावाकडे पाठवायचे पैसे. एक घर सुटलं किंवा त्या आठ दिवस तापाने पडल्या, की हप्ता परत जातो. परत गेला की खात्यावर बँकेचा दंड आणि वर कर्ज देणाऱ्या कंपनीचा दंड. दोन्ही धरून हजाराच्या घरात सहज जातं. आणि असे बिनव्याजी म्हणवणारे ‘नो कॉस्ट’ हप्ते म्हणजे फुकट नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. तेव्हापासून व्याज कुठेतरी लपतं: जी सूट रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळाली असती, ती व्याजात वळती होते. वर प्रोसेसिंग फी, त्या फीवर १८ टक्के जीएसटी. दुकानातला फायनान्सवाला पोरगा आधार आणि पॅनचे फोटो काढतो, ओटीपी विचारतो, आणि दहा मिनिटांत खात्यातून दरमहा आपोआप पैसे कापायची परवानगी घेऊन मोकळा होतो. मावशींना यातलं किती समजावून सांगितलं असेल, देव जाणे.

तेव्हा काळजी करण्यासारखं आहे. पण तुमच्या आईंनी यातलं काही विचारलं का? हप्ते किती, दंड किती, फोनचा विमा घेतलाय का? त्या थेट पगारवाढीवर गेल्या. माणूस खरोखर दुसऱ्याच्या खिशाची काळजी करत असतो, तेव्हा आकडे विचारतो. आकडे न विचारता निकाल दिला, की समजावं, प्रश्न ऐपतीचा नव्हता. पायरीचा होता.

हे दोन शब्द आपल्या भाषेत शेजारी राहतात आणि बहुतेक वेळा एकमेकांचे कपडे घालून फिरतात. ‘त्यांची ऐपत नाही’ म्हणताना आपल्याला पुष्कळदा ‘त्यांची पायरी नाही’ असं म्हणायचं असतं. ऐपत मोजता येते. पायरी दुसऱ्याने ठरवलेली असते आणि ती मोजायची गरजच कोणाला वाटत नाही.

याचा सगळ्यात उघडावाघडा दाखला मला डॉ. आंबेडकरांच्या लेखनात सापडला. १९३६ साली लाहोरला ते जे भाषण देणार होते आणि आयोजकांनी माघार घेतल्याने जे झालंच नाही, त्यात जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकीगत आहे. तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्य गृहस्थाने गावातल्या आपल्या लोकांना जेवण दिलं आणि पंगतीत तूप वाढलं. लोक जेवत असतानाच शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्नाची नासाडी केली, पाहुण्यांना झोडपलं. तूप परवडत नव्हतं, अशी कोणाची तक्रार नव्हती. म्हणजे प्रश्न ऐपतीचा नव्हता. तूप खाणं हा माज, कारण पायरी नव्हती. त्याच भाषणात इंदूरकडच्या बलाई लोकांवर लादलेल्या अटी आहेत: जरीकाठी पागोटं घालायचं नाही, रंगीत किंवा शोभिवंत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. आणि त्याच्या उलट टोकाला, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना आंबेडकर सांगत होते की लुगडं सवर्ण बायका नेसतात तसं नेसा, अंगावरच्या दागिन्यांची ती ओझी उतरवा, स्वच्छ राहा. तुमच्यावरून कोणी तुमची जात ओळखू नये, असा त्याचा अर्थ होता.

तुमच्या आई चकवाऱ्याच्या नाहीत, हे मला कळतं. मुलुंडमध्ये फोनसाठी कोणी लाठी काढत नाही. पण वस्तू घेणं म्हणजे पायरी सोडणं, ही कल्पना आपल्याकडे बाजाराच्या कितीतरी आधी आलेली आहे. मॉल तर मागाहून आले. शहरातला पहिला मोठा मॉल १९९९ साली ताडदेवला उघडला, तेव्हा गर्दी आवरेना म्हणून काही काळ मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवणाऱ्यांनाच फुकट आत सोडत. तेव्हाचा मोबाइल! आज त्याच वस्तूवरून आपण विचारतोय की मावशींच्या मुलीकडे तो का.

आता ‘चंगळवाद’ या शब्दाकडे येते, कारण तो मला माझ्याही घरातून माहीत आहे. मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात वाढले. आमच्याकडे वर्षाला दोन फ्रॉक, दिवाळीचा एक आणि जूनचा एक, तोही वाढत्या मापाचा. बाबा एसटीत. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवली जायची. ही काटकसर खोटी नव्हती. तिच्यावर आमची शिक्षणं झाली. तुमच्या आईंचीही अशीच असणार, आणि त्या काळातल्या माणसाला नव्या वस्तूचा खोका पाहून पोटात गोळा येतो, तो खरा असतो. त्याची टिंगल करू नका.

पण काटकसर ही गरज होती तोवर तिला नाव नव्हतं. नाव कधी मिळालं? पैसे आल्यावर. ‘साधी राहणी’ असं म्हणायला आधी दुसरी राहणी परवडायला लागते. आमच्या शेजारी ज्यांच्याकडे खरोखर काही नव्हतं, त्यांना कोणी साधी राहणीवाले म्हटल्याचं मला आठवत नाही.

आणि बाजाराला हे आपल्या आधी कळलं होतं. ऐंशीच्या दशकातल्या सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी आठवतात का आईंना, विचारा. स्वस्त निरमा घरोघर शिरत होती तेव्हा महाग सर्फ विकायची कशी, हा प्रश्न होता. लिंटास या जाहिरात कंपनीच्या अलेक पदमसींनी उत्तर काढलं: निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीतली, भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, कोणाला न फसणारी बाई. ‘सर्फ की खरीददारी में ही समझदारी है.’ कितीतरी महाग पावडर काटकसरीच्या नावावर विकली. समजूतदार बाई महागडी वस्तू घेते आणि भोळी बाई स्वस्ताला भुलते, असा सगळा रोख. दुसऱ्या बाजूला ओनिडा टीव्हीच्या जाहिरातीतला शिंगवाला सैतान उघड सांगायचा, ‘नेबर्स एन्व्ही, ओनर्स प्राइड’. आपल्या लोकांनी सैतानाला नावं ठेवली आणि ललिताजींचं ऐकलं. धंदा दोघांचाही झाला.

जागा थोडी आहे, पण दोन घरं दाखवल्याशिवाय राहवत नाही.

एक भांडुपचं, १९९७ की ९८. दहा बाय बाराची खोली, आणि दारातून आत पाऊल टाकलं की समोर लाल फ्रिज. स्वयंपाकाचा ओटा मागे, पण फ्रिज पुढे, रस्त्यावरून दिसेल असा. वर क्रोशाचं कव्हर, त्यावर प्लास्टिकची फुलं, हँडलला रुमाल गुंडाळलेला. माझ्याबरोबरची मुलगी कानात कुजबुजली, ‘शो मारायला ठेवलाय.’ मलाही तसंच वाटलं. मग मी प्रश्न विचारला, फ्रिजमध्ये साधारण काय काय असतं? बाईंनी उठून दरवाजाच उघडला. वरच्या कप्प्यात शेजारच्या बाळाचं दूध, ग्लासवर पावडरीच्या डब्याचं झाकण. खाली पलीकडच्या अण्णांच्या इडलीचं पीठ. बाजूला कोणाच्या तरी आजोबांचं इन्सुलिन, चिठ्ठी लावलेलं. त्यांच्या स्वतःच्या म्हणाव्यात तर पाण्याच्या चार बाटल्या आणि अर्धं लिंबू. दर्शनी ठेवला होता तो शेजाऱ्यांनी रात्री-अपरात्री ओट्यापर्यंत यायला नको म्हणून. मी फॉर्मवर ‘फ्रिज: होय’ इतकंच लिहिलं. तेवढीच जागा होती.

दुसरं घर दादरच्या हिंदू कॉलनीतलं, दारोदार हिंडणं सुटल्यावर एकदा मुद्दाम गेले होते तेव्हाचं. त्यासाठी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. जाहिरातदारांना लोकांची वर्गवारी लागते. १९८८ पासून ती कुटुंबातल्या मुख्य कमावत्या माणसाच्या शिक्षणावर आणि व्यवसायावर व्हायची. सगळ्यात वरच्या ए वन पासून सगळ्यात खालच्या ई टू पर्यंत. २०११ साली पद्धत बदलली. व्यवसाय काढला, शिक्षण ठेवलं, आणि अकरा गोष्टींची यादी आली: वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, मोटार, एसी आणि शेतजमीन. यांतल्या किती आहेत ते मोजायचं आणि तक्त्यात शिक्षणासमोर पाहायचं, की वर्ग मिळाला. मोबाइल त्या यादीत नव्हताच.

तर या आजी, निवृत्त प्राध्यापिका, भिंतभर पुस्तकं, काचेच्या कपाटात तांब्याची भांडी. टीव्ही एकच आणि तोही खुर्चीवर झाकून ठेवलेला. एसी ‘लागत नाही’. वॉशिंग मशीन ‘कशाला, दोन माणसांचे कपडे ते किती’. मोटार ‘कधीच नको होती’. प्रत्येक ‘नाही’ त्या पदक स्वीकारल्यासारखं म्हणत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, हे सगळं मोजून तुम्ही करता काय? मी नको ते केलं, खरं सांगितलं. जुन्या पद्धतीत तुम्ही अगदी वर होतात, नव्यात थोड्या खाली जाता. आजींचा चेहरा पडला. मग रागावल्या. ‘म्हणजे खालचा तो केबलवाला, त्याच्याकडे एसी आहे म्हणून तो माझ्या वर?’

पंचेचाळीस मिनिटं वस्तूंना तुच्छ लेखणाऱ्या बाई वस्तूंच्या मोजणीत मागे पडल्या म्हणून दुखावल्या. मला त्यांची कीव नाही आली, उलट एकदम आपल्यातल्या वाटल्या. त्यांनाही पायरी हवीच होती. फक्त त्यांच्या पायऱ्या वेगळ्या दगडाच्या होत्या. पुस्तकं, आडनाव, पत्ता, आणि ‘पाणी’ तला तो ण. हप्त्यावर फोन मिळतो, एसी मिळतो. ण कुठल्या दुकानात मिळतो? म्हणून ज्यांच्याकडे ण असतो ते फोनवाल्यांना हसतात. ‘पानी’ म्हणणाऱ्याला हसायला एक पैसा पडत नाही. या शहरातला सगळ्यात स्वस्त स्नॉबपणा तो.

आणि तो वरून खाली झिरपत येतो. टाउनच्या ऑफिसात ज्याला पाठीमागे घाटी म्हणतात, कॉलेजात जिला व्हर्नी, म्हणजे मराठी माध्यमातली, म्हणून हिणवतात, तीच माणसं संध्याकाळी घरी येऊन आपल्या पायरीच्या खाली कोण आहे ते चाचपून बघतात. मला लोकलच्या लेडीज फर्स्ट क्लासमध्ये निदान वीस वेळा ऐकवलं गेलंय, ‘ये फर्स्ट क्लास है.’ उन्हातून आलेली, घामेजलेली, खांद्याला कळकट पिशवी. बोलणारीची नजर आधी माझ्या चपलेवर जायची, मग चेहऱ्यावर. पास दाखवला की ती खिडकीबाहेर बघायची. गाडी तीच, रूळ तेच, उशीरही तोच. सीटला बोटभर जाड गादी आणि पासाची किंमत कितीतरी पट. ते पैसे गादीचे नसतात. आणि प्रामाणिकपणे सांगू? काही वर्षांनी मीही एका पोरीला तेच म्हणाले. शब्द तोंडातून गेल्यावर ओळखीचे वाटले.

आता मुलीच्या फोनबद्दल. तुमच्या आईंचा खरा प्रश्न, जो त्यांनी विचारला नाही, तो असा असावा: पंधरा हजारांच्या फोनने काम झालं नसतं का? झालं असतं. व्हॉट्सॲप, यूट्यूब, नोट्सचे पीडीएफ, सगळं त्यावर चालतं. मग?

मुंबईत माणसाचं घर त्याच्याबरोबर फिरत नाही. मुलुंडला वन बीएचके कोटीच्या पुढे. मावशींनी अठरा हप्ते काय, अठरा वर्षं वाचवले तरी ते दार उघडत नाही, आणि हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. घराची पायरी बंद. शाळा कुठली, तेही होऊन गेलं. भाषा बदलायला वेळ लागतो. अशा वेळी एकोणीस वर्षांची मुलगी कॉलेजच्या कँटीनमध्ये टेबलावर काय ठेवू शकते? फोन. पालथा ठेवला तरी मागचे कॅमेरे दिसतात. तो टेबलावर असला की ‘कुठे राहतेस’ हा प्रश्न दोन मिनिटं उशिरा येतो. ती दोन मिनिटं ५९,०००ची आहेत का, हे मी बाहेरून ठरवू शकत नाही. मी असते तर घेतला नसता असं म्हणेन, पण मी एकोणीस वर्षांची असताना फॅशन स्ट्रीटवरून खोट्या लेबलची जीन्स घेऊन ते लेबल दिसावं म्हणून टॉप खोचून फिरले आहे.

आमचा धंदा यात निर्दोष नाही. हेच आम्ही ओळखतो, मोजतो आणि विकतो. आमच्या सादरीकरणांत मावशींच्या मुलीला ‘ॲस्पिरेशनल’, वर चढू पाहणारी, म्हणतात आणि तुम्हाला ‘डिसर्निंग’, चोखंदळ. इच्छा तीच. शॅम्पूची पुडी एक रुपयाला केली तेव्हा आम्ही त्याला क्रांती म्हणालो, आणि पुडीने महिनाभराचं गणित बाटलीपेक्षा महाग पडतंय की स्वस्त हे गिऱ्हाइकाला विचारायला विसरलो. फोनचे हप्ते ही त्याचीच पुढची पुडी.

तुमचं काय चुकलं, तेही सांगते. आईला स्नॉब म्हणणं तुम्हाला सोपं गेलं, कारण तो शब्द तुमच्याकडे होता आणि त्यांच्याकडे नव्हता. इंग्रजीत ‘स्नॉब’ मुळात चांभाराला, जोडे शिवणाऱ्याला म्हणत. मग खालच्या थरातल्या कोणालाही. आणि एकोणिसाव्या शतकात वरच्यांची नक्कल करणाऱ्याला. शब्दसुद्धा तळातल्या माणसावरूनच सुरू झाला. तुम्हीही तो वापरलात तेव्हा थोडं वर उभं राहून वापरलात: मी मोकळ्या मनाचा, तू जुनाट. साडेतीनशेची कॉफी पिऊन ‘मला ब्रँडचं काही नाही’ म्हणणारी, हातमागाचा मुद्दाम चुरगळलेला कुडता घालणारी मुलं मी रोज भेटते. गोड असतात. पण त्यांचा साधेपणा माझ्या महिन्याच्या किराण्याइतका पडतो.

पगारवाढीचं मात्र सरळ आहे. पगार हा कामाचा मोबदला. मावशी त्या पैशांचं काय करतात, यावर तो ठरत नाही. तुमच्या कंपनीने तुमची गाडी बघून ‘याला इन्क्रिमेंट कशाला’ असं म्हटलं तर कसं वाटेल, इतकंच आईंना विचारा. तेही अबोला सुटल्यावर, जेवताना, सहज. अकरा वर्षांत पोळीचा दर किती वेळा वाढवला, ते दोघांनी मिळून आठवा. तूरडाळीचा किती वेळा वाढला ते आईंना पाठच असेल.

आमच्या धंद्यात आता आणखी नवी वर्गवारी आली आहे. अकरा वस्तूंची यादी गेली. मुख्य कमावत्याचा व्यवसाय बघतात, घरातल्या सर्वांत शिकलेल्या पुरुषाचं शिक्षण बघतात, आणि पहिल्यांदाच, सर्वांत शिकलेल्या बाईचंही. म्हणजे मावशींची मुलगी बी.कॉम. झाली की त्यांचं घर आमच्या तक्त्यात वर सरकेल. तो फोन कुठेच मोजला जाणार नाही.

आणि एक करा. मावशींना विचारा, हप्ता कोणत्या तारखेला कापला जातो. बऱ्याच कंपन्या महिन्याच्या सुरुवातीचीच तारीख लावतात. तुमच्याकडून त्यांना पैसे कधी मिळतात? बऱ्याच घरांत सात, दहा, कधी ‘एटीएमला जायला वेळच झाला नाही’ म्हणून बारा. खात्यात पैसे नसतील तर दंड त्यांना बसतो, उशीर तुमचा असतो. तुमच्या घरचा पगार एक तारखेला त्यांच्या खात्यात जाईल असं बघा. बाकीच्या चार घरांपैकी दोन तुमच्याच विंगमध्ये असतील. त्यांनाही सांगा, आणि ते आईंना सांगू द्या. सोसायटीत त्यांचं ऐकतात.